मंडईतला तिसरा चहा

दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरायला लागतात. मंडई म्हटली की नाटक आलंच. वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्यांना होळीपर्यंत उसंत नसते. रात्री दहा-साडेदहाला पडदा वर जातो आणि शेवटचा प्रवेश संपतो तेव्हा धानाच्या बांध्यांवर उजाडलेलं असतं. एवढी रात्र जागून काढायची तर चहाला पर्याय नाही. मंडपाच्या कडेला पातेलं उकळत असतं, त्यात साखर मूठमूठ पडते आणि दर अंकानंतर पोरगं किटली घेऊन रांगांमधून फिरतं.

माझे मामा चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळच्या एका गावात राहतात. त्यांना यकृताचा सिरॉसिस आहे. वीस-बावीस वर्षं दारू घेतली, मग एका पोळ्याच्या सुमाराला पोट पाण्यानं फुगलं, चंद्रपूरला ॲडमिट झाले आणि तिथून परतल्यावर दारूला हात लावला नाही. नाटकाचा नाद मात्र सुटला नाही, तो सुटावा असं कुणाला वाटतही नव्हतं. त्या वर्षी मंडईत ते रात्रभर बसले आणि त्यानंतर दोन रात्री त्यांना झोप नाही. दिवसा मात्र बसल्या जागी डुलक्या. मामीनं निदान करून टाकलं होतं. "यायनं तीन कप चाय घेतली, अन् आता म्हंते झोप नाई येत." मामा म्हणाले, "चायनं कोनाचं काही झालं हाये का गा आजपर्यंत?"

दोघांचं म्हणणं थोडं थोडं खरं होतं. कसं, ते समजायला चहातल्या कॅफिनचं पोटात गेल्यावर काय होतं ते पाहावं लागतं.

आपण जागे असतो तसतसं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की डोळे जड होतात. कॅफिन त्याच जागा अडवून बसतं. थकवा तिथंच असतो, फक्त त्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचत नाही. ही अडवणूक किती वेळ चालणार, हे ठरवतं यकृत. रक्तातलं जवळजवळ सगळं कॅफिन यकृतातच मोडलं जातं आणि ते काम मुख्यत्वे एकटं एक विकर करतं. धडधाकट माणसात साधारण पाच तासांत निम्मं कॅफिन निकालात निघतं, पुढच्या पाच तासांत उरलेल्याचं निम्मं. सिरॉसिसमध्ये यकृताच्या कामाच्या पेशी कमी झालेल्या असतात आणि त्यांच्या जागी चट्ट्यांचं निबर जाळं आलेलं असतं. तिथं हेच काम दुपटीनं, तिपटीनं, आजार फार पुढे गेला असेल तर त्याहूनही जास्त रेंगाळतं. हे इतकं भरवशाचं आहे की कॅफिन मोडायला किती वेळ लागतो यावरून यकृताची ताकद मोजायची चाचणीच संशोधकांनी बनवली होती.

आता मंडईचा हिशेब मांडू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२४ च्या आहार-सूचनांनुसार एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. किटलीतला कप लहान, म्हणून पस्तीस धरू. पहाटे तीनपर्यंत तीन कप म्हणजे साधारण शंभर. माझ्यासारख्याच्या अंगात त्यातलं दुसऱ्या रात्री दहा वाजता सात-आठ मिलिग्रॅम उरेल, म्हणजे नसल्यासारखंच. पण ज्याचं कॅफिन निम्मं व्हायला पाच नाही तर पंधरा तास लागतात, त्याच्या अंगात तेव्हा चाळीसच्या वर शिल्लक असेल. झोपायच्या वेळी कुणी नवा कप हातात दिल्यासारखंच झालं. शिवाय मधल्या दिवसात सकाळचा, दुपारचा, पाहुण्याबरोबरचा चहा आहेच, तो या शिलकीवर चढत जातो. चहानं कोणाचं काही झालं नाही, हे मामांचं वाक्य त्यांच्या जुन्या यकृताच्या काळातलं होतं.

या हिशेबात आपल्या भागातली एक गंमत आहे. बिडीच्या धुरातली काही रसायनं कॅफिन मोडणाऱ्या त्या विकराला जास्त कामाला लावतात, त्यामुळे बिडी ओढणाऱ्याच्या अंगातलं कॅफिन लवकर निपटतं. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. म्हणून दिवसभर तंबाखूचा खर्रा चघळणाऱ्याला तो 'फायदा' नाही. बिडीवाला दवाखान्यात भरती झाला आणि त्याची बिडी सुटली की काही दिवसांत त्याच दोन कपांचं कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट दिसू लागतं. छाती धडधडते, हात थरथरतात, आणि घरच्यांना वाटतं औषध बाधलं. उलट बाजूनं सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविक त्या विकराला रोखून धरतं. जलोदराच्या काही रुग्णांना पोटातल्या पाण्यात जंतू होऊ नयेत म्हणून हे औषध दिलं जातं. तेव्हा डॉक्टरांना गोळ्यांबरोबर चहाचे कप आणि बिड्याही मोजून सांगाव्यात. विचारलं नाही तरी सांगाव्यात.

मग यकृताच्या रोग्यानं चहा-कॉफी बंद करायची का? इथं गोष्ट उलटी फिरते. कॉफीबद्दल यकृताच्या डॉक्टरांचं मत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत चांगलंच गोड झालं आहे. कॅलिफोर्नियातल्या सव्वा लाख लोकांच्या नोंदींवरून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की दिवसाच्या दर कपामागे दारूमुळे होणाऱ्या सिरॉसिसचा धोका २२ टक्क्यांनी कमी. चहात मात्र तसं काही आढळलं नाही. ब्रिटनमधल्या पावणेपाच लाखांहून जास्त लोकांवरच्या २०२१ च्या अभ्यासात कॉफी पिणाऱ्यांना यकृताचा जुनाट आजार २१ टक्क्यांनी कमी आणि त्या आजारानं येणारा मृत्यू ४९ टक्क्यांनी कमी आढळला. बिया दळून केलेल्या कॉफीत हा फरक सगळ्यात ठळक होता, पण इन्स्टंटमध्येही होता आणि कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीतही. म्हणजे सगळं श्रेय कॅफिनला देता येत नाही. हेपटायटिस सीच्या रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, २००९ साली, रोज तीन किंवा जास्त कप घेणाऱ्यांचा आजार पुढे सरकण्याचं प्रमाण कॉफी न पिणाऱ्यांच्या साधारण निम्मं होतं. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात, २०११ मध्ये, इंटरफेरॉनचे उपचारही कॉफी पिणाऱ्यांना जास्त लागू पडताना दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९१ मध्ये कॉफीला संशयितांच्या यादीत बसवलं होतं. २०१६ मध्ये त्यांनी तिला तिथून काढलं आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका कॉफीमुळे कमी होत असल्याचं नोंदवलं. त्याच बैठकीत ६५ अंशांहून गरम कोणतंही पेय अन्ननलिकेला बहुधा घातक असल्याचं ठरलं. किटलीतून थेट घशात ओतणाऱ्यांनी ते लक्षात ठेवायला हरकत नाही.

यामागचं कारणही बरंचसं हाती आलं आहे. यकृतात तारकापेशी नावाच्या पेशी असतात. एरवी त्या जीवनसत्त्व अ साठवून गप्प बसतात, पण यकृताला सतत मार बसू लागला की त्या चट्टे विणू लागतात. त्यांना विणायला लावणाऱ्या खुणांपैकी एक तेच ॲडेनोसिन. कॅफिन तिथंही त्याची जागा अडवतं. कॉफीतली क्लोरोजेनिक आम्लंही मदतीला असावीत.

तरी मला यात एक खोच दिसते. यकृत बिघडलेल्या माणसाला कॅफिन सोसत नाही, म्हणून तो आपणहूनच कॉफी कमी करतो. मग कॉफीमुळे यकृत चांगलं राहिलं, की यकृत चांगलं होतं म्हणून कॉफी पिता आली? संशोधकांनी ही शंका जमेल तेवढी गाळली आहे, पण ती पुरती मिटलेली नाही. दुसरी गोष्ट अशी की या अभ्यासांतली कॉफी म्हणजे बहुतेक काळी, मगभर आणि बिनसाखरेची, निदान कमी साखरेची. महाराष्ट्रात कॉफीची लागवड आहे ती चिखलदऱ्याला, आपल्या विदर्भातच, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांत कॉफी दिसते ती लग्नाच्या रिसेप्शनला किंवा मुलांच्या परीक्षेत. दूध, भरपूर साखर आणि छोट्या पुडीतली पावडर, जिच्यात पुष्कळदा चिकोरीही असते. चिकोरीत कॅफिन नसतं. मामांनी पेपरात वाचून एकदा अशी कॉफी सुरू केली होती, दिवसाला चार कप. त्यांच्या पोटात यकृताचं औषध कमी आणि साखर जास्त जात होती.

साखरेचा मुद्दा मला कॅफिनपेक्षा मोठा वाटतो. टपरीच्या कपात दोन चमचे धरले तरी दहा ग्रॅम होतात. आयुर्विज्ञान परिषदेच्या त्याच आहार-सूचनांप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला २५ ते ३० ग्रॅमच्या आत हवी, म्हणजे तीन कपांत कोटा संपला. दारू सोडलेल्या माणसाची जीभ गोडाकडे वळते हे घरोघरी दिसतं, आणि मित्रमंडळीत हातात ग्लास नसला की कप येतोच. पोट सुटलेलं, मधुमेह आणि त्यावर दारूनं आधीच थकलेलं यकृत, त्यात रोज साठ-सत्तर ग्रॅम साखर गेली की चरबी साठायला आणखी एक वाट मोकळी होते. दुर्गम गावांत दुधाअभावी काळी चाय पितात. खरं तर यकृताच्या दृष्टीनं ती आपल्याकडची सगळ्यात बरी चाय, फक्त तिच्यातला गूळ हात आखडून घालावा लागेल.

हेपटायटिस सीचे उपचार चालू असणाऱ्यांसाठी चहा-कॉफीचा प्रश्न आता बराच सोपा झाला आहे. इंटरफेरॉनच्या काळात २४ किंवा ४८ आठवडे सुया, अंगात कायम ताप भरल्यासारखं, चिडचिड, झोपेचं खोबरं. थकव्यावर उतारा म्हणून कॉफी प्यावी तर झोप आणखी पळते, अशी कोंडी असायची. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून सोफोसबुव्हिरसारख्या गोळ्या सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. गुंतागुंत नसेल तर बहुतेकांचा आजार बारा आठवड्यांत संपतो. या गोळ्यांचं चहा-कॉफीशी भांडण नाही. त्यांतल्या काहींचं भांडण आम्लपित्ताच्या औषधांशी आहे. पोटात आम्ल कमी झालं की गोळी नीट शोषली जात नाही. म्हणून चहानं पित्त झालं म्हणून दुकानातून गोळी आणून खाल्ली, तर घात चहाच्या मागून आलेली गोळी करते. हेपटायटिस बीसाठीचं एंटेकाव्हिर उपाशीपोटी घ्यायचं असतं, जेवणानंतर किमान दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या किमान दोन तास आधी. दुधाचा चहा आणि चार बिस्किटं म्हणजे उपाशीपोट नव्हे, हे आपल्याकडे मुद्दाम सांगावं लागतं.

मामांना मी चंद्रपूरच्या त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मनात चहाचा खटला तयार होता. डॉक्टरांनी आधी त्यांना दोन्ही हात समोर पसरून, रस्त्यावर गाडी अडवतात तशी मनगटं वर वळवून धरायला सांगितलं. क्षणभर हात स्थिर राहिले, मग पंजे पक्ष्याच्या पंखांसारखे एकदोनदा खाली फडकले. कॅफिननं हात बारीक थरथरतात, असे फडकत नाहीत. ही खूण रक्तात अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं वाढून मेंदूवर झापड येऊ लागल्याची. रात्र-दिवसाची झोप उलटीपालटी होणं हीदेखील त्याच झापडीची पहिली पायरी असू शकते. डॉक्टरांनी विचारलं, ते पातळ औषध रोज घेता ना? मामा खाली बघू लागले.

ते औषध म्हणजे लॅक्ट्युलोज. गोड, चिकट, पोट साफ करणारं. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला व्हावं एवढं ते घ्यायचं, म्हणजे आतड्यातला अमोनिया रक्तात न जाता बाहेर पडतो. मामांनी मंडईच्या आदल्या दिवसापासून ते बंद ठेवलं होतं. ऐन तिसऱ्या अंकात उठावं लागलं तर जायचं कुठे? मागच्या रांगेत बायाबापड्या बसलेल्या, त्यापलीकडे अंधार आणि शेतं. त्यांना काही बोलावं असं मला वाटेना. चहानं त्यांची झोप उडवली होती हे खरं, पण त्या उडालेल्या झोपेआड एक गंभीर खूण लपून गेली असती. सिरॉसिसच्या रुग्णानं दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी असं मी म्हणतो त्याचं खरं कारण हेच आहे. रात्री झोप आली नाही तर ती कपामुळे की आजारामुळे, हे ओळखता यायला हवं.

उन्हाळ्यात प्रश्न वेगळाच होतो. चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हा कॅफिनची चर्चा कुणी करत नाही. प्यायला काय द्यायचं एवढंच उरतं. जलोदराच्या रुग्णाला वाटतं पोटात पाणी साठलंय तर पाणी तोडावं. बहुतेकांच्या बाबतीत तोडायचं असतं ते मीठ. यकृत निबर झालं की शरीर सोडियम धरून ठेवतं आणि सोडियमच्या मागे पाणी येतं. पाण्यावर बंधन घालायची वेळ सहसा रक्तातलं सोडियम फार खाली, १२५ च्या आसपास वा त्याखाली, गेल्यावर येते आणि ते डॉक्टर ठरवतात. मिठाची मर्यादा दिवसभरात सर्व मिळून साधारण पाच ते सात ग्रॅमच्या आत. ऐकायला हे सोपं वाटतं. पण घरोघरी ऊन लागलं म्हणून काय देतात ते बघा. मीठ घातलेलं ताक, काळं मीठ टाकलेला लिंबूसोडा, कैरीचं पन्हं आणि दुकानातली ओआरएसची पुडी. जुलाबावर ओआरएस अमृत आहे, त्यात वाद नाही. पण प्रमाणित सूत्राच्या एक लिटर ओआरएसमध्ये जेवढं सोडियम असतं तेवढं सुमारे साडेचार ग्रॅम मिठात असतं. जलोदराच्या माणसानं जुलाब नसताना केवळ ऊन आहे म्हणून लिटरभर ओआरएस प्यायलं, तर जेवणाआधीच दिवसाचा मिठाचा वाटा बहुतेक संपला. सैंधव म्हणजे मीठ नव्हे, हा एक लाडका गैरसमज आहे. सैंधव मीठच आहे. साधं पाणी, माठातलं वाळा घातलेलं पाणी, बिनमिठाचं पातळ ताक जिऱ्याची पूड घालून, एवढ्यात भागतं.

मग येतात पाहुणे आणि प्रत्येकाच्या हातात नारळ. नारळपाण्यात सोडियम कमी, पोटॅशियम भरपूर. पाणी उतरवायला दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन मुळातच पोटॅशियम अंगात राखून ठेवतं. दिवसाला तीन शहाळी आणि ही गोळी एकत्र आली की पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एखादं शहाळं डॉक्टरांना विचारून चालेलही, पण दवाखान्याच्या खाटेखाली रचलेली रास बघितली की मला धडकी भरते.

कावीळ झाली की आपल्याकडे तोंडी औषधांचा पाऊस पडतो. रसवंतीवरचा उसाचा रस सगळ्यांत पुढे. कावीळ करणारे हेपटायटिस ए आणि ईचे विषाणू दूषित पाण्यातून येतात आणि रसात पडणारा बर्फ कुठल्या पाण्याचा हे रसवाल्यालाही सांगता येणार नाही. कावीळ उतरवणारा हातावर कसलासा रस चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं आणि कावीळ निघाली म्हणतो. तो पिवळा रंग झाडाच्या सालीचा आणि चुन्याचा असतो. हेपटायटिस ए-ईची कावीळ बहुतेकांत आपोआप उतरते, म्हणून त्या उतरवणाऱ्याचं नाव होतं. त्यात चंद्रपूर-गडचिरोलीची अडचण वेगळी आहे. गडचिरोलीत पिवळे डोळे म्हणजे यकृतच बिघडलं असं नाही. सिकलसेलमध्ये लाल पेशी फुटतात तेव्हाही डोळे पिवळे होतात, फाल्सिपेरम हिवतापातही होतात, आणि क्षयाच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाली तरीही. रक्त तपासल्याशिवाय काय प्यायला द्यायचं ते ठरवणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

घरगुती काढ्यांतलं गुळवेलीचं उदाहरण अजून ताजं आहे. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२० च्या शेवटच्या काही महिन्यांत मुंबईत असा काढा घेणारे सहा रुग्ण यकृताला सूज येऊन दाखल झाले आणि पुढच्या वर्षी त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयानं तिच्यावर आक्षेप घेतला. नंतर २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांची माहिती एकत्र आली. गुळवेल प्रतिकारशक्तीला चाळवते आणि ज्यांच्यात आधीच स्वतःच्या यकृतावर उलटणारी प्रवृत्ती दडलेली असते त्यांच्यात ती जागी होते, असा त्याचा अर्थ लावला गेला. जंगलातलं ते सगळं निरुपद्रवी, हे आपण जंगलातले लोक तरी म्हणायला नको होतं. विषारी काय आणि खायचं काय यातला फरक आजीला कोणाहीपेक्षा जास्त माहीत होता. आसवं-अरिष्टं हा आणखी एक चोरकप्पा. ती आंबवूनच बनतात, त्यांत आपोआप तयार झालेली दारू पाच ते दहा टक्के असते. भूक लागावी म्हणून दोन-दोन झाकणं दोन वेळा घेणाऱ्या सिरॉसिसच्या रुग्णानं दारू सोडलेली नसते, बाटली बदललेली असते.

आणि मोहाची दारू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं आणि गावोगावच्या लोकांनी तिच्यासाठी चळवळ केली. २०१६ पासून तिथं दारू-तंबाखूविरोधी 'मुक्तिपथ' उपक्रम चालू आहे. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामींच्या 'श्रमिक एल्गार'बरोबर बायांनी ती मागितली, १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी चांगली की वाईट यावर इथल्या कुठल्याही टपरीवर अर्धा दिवस जातो, मी त्यात शिरत नाही. यकृताला कायदा कळत नाही. सिरॉसिस झाल्यावर मोहाची शुद्ध, घरची, औषधी, सणापुरती, पूजेपुरती असा कुठलाच प्रकार त्याला वेगळा ओळखू येत नाही. एक मात्र सांगितलंच पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका रात्रीत दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, त्यानं जीवही जातो. सोडायची ती दवाखान्याच्या आधारानं. मोहाच्या फुलानं मात्र कुणाचं वाईट केलेलं नाही. मार्च-एप्रिलात पहाटे वेचलेली, वाळवलेली ती फुलं भाजून खाल्ली, लाडवात घातली तर ती गोड फुलंच आहेत. दारू होते ती त्यांना भिजवून आंबवल्यावर आणि भट्टी लावल्यावर.

आमच्याकडच्या पेयांतलं मला सर्वांत कामाचं वाटतं ते मात्र कुणी औषध म्हणून सांगत नाही. माडिया घरांतली जावा, आपल्याकडची आंबील, तांदळाची पेज. धडधाकट यकृत रात्रभर पुरेल एवढी साखर साठवून ठेवतं. सिरॉसिसच्या यकृताचं ते कोठार लहान होतं, आणि रात्रीच्या एका उपासात शरीर अशा अवस्थेला पोचतं जी निरोगी माणसाला दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणात येते. मग ते स्नायू मोडून खायला लागतं. पोट मोठं आणि दंड काटकुळे हे जे रूप दिसतं त्याचं एक कारण हेच. म्हणून झोपायच्या आधी काहीतरी पिष्टमय आणि थोडं प्रथिनाचं खावं असं यकृततज्ज्ञ सांगतात. बिनमिठाची पेज, वर दूध किंवा फुटाण्याचं पीठ, एवढ्यावर काम होतं. आंबील मात्र ताजी हवी, फार दिवस आंबवलेली नको. यकृताच्या रोग्याला दूध-डाळ वर्ज्य हा समज जुना झाला. त्याला प्रथिनं सर्वसाधारण माणसापेक्षा जास्तच लागतात.

 

यंदाच्या मंडईला मी मामांबरोबर गेलो. ते मंडपाच्या अगदी कडेला बसले, उठावं लागलं तर कुणाच्या अंगावर पाय पडायला नको. औषध संध्याकाळीच घेऊन झालं होतं, आणि बॅटरी खिशात. पोरगं किटली घेऊन आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "यायले दे." दुसरा अंक संपता संपता मामीनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. पेज अजून कोमट होती. स्टेजवर खलनायक हसत होता आणि मामा त्याच्यावर नजर लावून, चमच्यानं डबा खरवडत होते.